रात्री साडेअकराचा चिवड्याचा डबा

नाशिकच्या सिडकोतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. खूप मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. वय ३८, अंबड एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. डिसेंबरात सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं पण त्या अजून अंथरुणावरच आहेत. मार्चमध्ये मिस्टरांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, ते घरीच आहेत, मुलगा दहावीला. सकाळी हिच्या पोटात चहा आणि दोन बिस्किटं. दुपारच्या डब्यात दोन चपात्या आणि भाजी, महिनाअखेरीला कामाच्या गडबडीत तोही अर्धा परत येतो. वजन वाढायला लागलं म्हणून एप्रिलपासून रात्रीचं जेवण बंद केलंय, सोमवार आणि चतुर्थी आधीपासून आहेतच. तरी सात महिन्यांत सात किलो वाढलं. कारण रात्री साडेअकराला सासूबाईंना औषध देऊन, कूस बदलून झाली की ही किचनमध्ये जाते. तिचेच शब्द देते:

"ताई, मी लाइट पण लावत नाही. डब्याचं झाकण वाजू नये म्हणून कडेने हळू उघडते आणि ओट्याला टेकून उभ्या उभ्या चिवडा खाते, मग सकाळची भाकरी राहिली असेल तर गुळाबरोबर तीपण. अर्धा किलोचं पाकीट दोन दिवसात संपतं. पोट भरलंय हे कळतं तरी हात थांबत नाही. परवा हे दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, दिवसभर उपास आणि रात्री उंदरासारखे डबे उघडायचे. मी काहीच बोलले नाही पण तेव्हापासून झोप नाही. मी एवढी हावरट कधीच नव्हते. रीलमध्ये बघितलं की मेंदूत न्यूरोपेप्टाइड वाय म्हणून काहीतरी असतं, त्यानेच भूक लागते, आणि ते बंद करायची पावडर आहे २४०० रुपयांची. घेऊ का? आणि आता श्रावण येतोय, चारही सोमवार निरंकार करून त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीला जायचं मनात आहे, तेवढ्याने तरी जिभेवर ताबा येईल का?"

अगं, आधी एक सांगते आणि मग बाकीचं. तू हावरट नाहीस. तू दिवसभर उपाशी असतेस आणि सात महिने ताणात आहेस, या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणसाचा मेंदू जे करतो तेच तुझा करतोय. मी बावीस वर्षं आहार सल्ल्याचं काम करते, गंगापूर रोडला माझ्यासमोर खुर्चीत बसून रात्रीच्या डब्याबद्दल रडलेल्या बायका मी मोजलेल्या नाहीत, पण जवळजवळ प्रत्येकीचं सकाळ-दुपारचं खाणं विचारलं की ते तुझ्यासारखंच निघतं, चहा बिस्किट आणि अर्धा डबा.

तू न्यूरोपेप्टाइड वायचं नाव काढलंसच तर ते नीट समजून घे, कारण रीलमध्ये अर्धंच सांगितलंय. १९८२ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये काझुहिको तातेमोतो या जपानी शास्त्रज्ञाने डुकराच्या मेंदूतून हा पदार्थ वेगळा काढला. ३६ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी आहे ही, दोन्ही टोकांना टायरोसिन, आणि टायरोसिनचं एका अक्षराचं चिन्ह वाय म्हणून नाव पडलं न्यूरोपेप्टाइड वाय, थोडक्यात एनपीवाय. मग १९८४ मध्ये ते उंदरांच्या मेंदूत सोडून बघितलं तर पोट भरलेले उंदीर परत खायला लागले. तुझ्या मिस्टरांनी उंदराचं नाव घेतलं ना, तर बघ, त्या उंदरांना कोणी हावरट म्हटलं नाही, त्यांच्या मेंदूत काय सोडलंय ते सगळ्यांना माहीत होतं.

आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो, त्यातल्या एका छोट्या कोपऱ्यात हे एनपीवाय बनवणाऱ्या पेशी बसलेल्या असतात आणि त्यांचं काम म्हणजे घरातल्या डब्यात किती पीठ शिल्लक आहे याचा हिशोब ठेवणं. अंगावरच्या चरबीतून लेप्टिन येतं, ते सांगतं साठा आहे, गप्प बसा. रिकाम्या जठरातून घ्रेलिन येतं, ते सांगतं काही नाहीये, उठा. लेप्टिनचा शोध १९९४ चा, घ्रेलिनचा १९९९ चा, म्हणजे आपण शाळा कॉलेजात होतो तेव्हापर्यंत भुकेचं हे गणित कोणालाच नीट माहीत नव्हतं, आणि घराघरात मात्र जीभ, लगाम, संयम हेच चालू होतं, अजूनही चालूच आहे. तू उपाशी राहिलीस की या पेशी जास्त एनपीवाय सोडतात, आणि जेवढा वेळ उपाशी तेवढा जोर वाढत जातो. २०११ मध्ये अमेरिकेत शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूतल्या नेमक्या याच पेशी प्रकाशाने चालू करून दाखवल्या, पोट भरलेला उंदीर काही मिनिटांत अन्नावर तुटून पडला. आता तुझा दिवस बघ, सकाळी सातला चहा, दीडला अर्धा डबा, रात्री जेवण नाही, म्हणजे साडेअकराला तू किचनच्या दारात पोचतेस तेव्हा या पेशी दहा तास ओरडत असतात. अशा वेळी समोर चिवड्याचा डबा आहे. नाशिकचा चिवडा, तिखट, तेलातला कांदा लसूण, खारट, कुरकुरीत. कोणाचा हात थांबेल गं?

माणसांचंही असंच होतं याचा मोठा दाखला आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, स्वखुशीने आलेल्यांना, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांना दुसरं काही सुचेना, दिवसभर खाण्याच्या गप्पा, कोणी रेसिपीची पुस्तकं वाचत बसलेला, कोणी ताट चाटतोय, चिडचिड, उदासी, आणि नंतर जेवण सुरू झाल्यावर कितीतरी दिवस पोट तुडुंब भरून पण भरल्यासारखं वाटेना. तेव्हा एनपीवाय हा शब्दच नव्हता, पण तू लिहिलेलं "पोट भरलंय हे कळतं तरी हात थांबत नाही" हे वाक्य त्यांच्यातल्या कोणाचंही असू शकलं असतं.

आता रीलमध्ये जे सांगितलं नाही ते, आणि मला यातच सगळ्यात जास्त सांगायचंय. एनपीवाय फक्त भुकेचं नाही, ते मेंदूला शांत करणारंही आहे. मेंदूत अमिग्डाला नावाचा भाग आहे, भीती आणि काळजी तिथे तयार होते म्हण, तिथे एनपीवाय वाढलं की प्राण्यांची भीती कमी होते. ताण आला की मेंदू सीआरएच नावाचं एक रसायन सोडतो, ते आपल्याला दचकतं ठेवतं, आणि एनपीवाय त्याला आवर घालतं. २००० साली अमेरिकन सैनिकांचा एक अभ्यास आला, शत्रूच्या हाती सापडलात तर काय याचं फार कडक ट्रेनिंग असतं त्यांचं, झोप नाही, जेवण नाही, उलटतपासणी, तर ज्यांच्या रक्तात एनपीवाय जास्त वाढलं ते त्या सगळ्यात जास्त स्थिर राहिले. म्हणजे हे रसायन शत्रू नाही गं. भूक लावणारं आणि धीर देणारं एकच आहे, म्हणून तर खाल्लं की बरं वाटतं, आणि ताण आला की खावंसं वाटतं, निसर्गाने दोन्ही दोऱ्या एकाच खुंटीला बांधल्यात.

तू पत्रात एका ओळीत लिहिलंयस की सासूबाई पडल्या तेव्हा पहिले दहा-पंधरा दिवस तुला घास गिळत नव्हता. बरोबर आहे, अचानक मोठा धक्का बसतो तेव्हा सीआरएचचा जोर असतो आणि भूक मरते. पण ताण महिनोन्महिने चालला की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढं राहतं आणि ते भुकेच्या त्याच पेशींना एनपीवाय वाढवायला सांगतं. माझे वडील आयसीयूत होते तेव्हा माझंही हेच झालं होतं, पहिले तीन दिवस फक्त पाणी आणि नंतर रोज रात्री एक वाजता दवाखान्याबाहेरच्या गाडीवर दोन वडापाव, भूक होती म्हणून नाही, ती दहा मिनिटं कोणी मला काही विचारत नव्हतं म्हणून. तुझ्या साडेअकराच्या त्या अंधाऱ्या किचनमध्ये पण मला तेच दिसतं. दिवसभरात तुझी एकटीची तेवढीच दहा मिनिटं आहेत. सकाळी पावणेआठला घर सोडतेस, कंपनीत हिशोब, घरी आलीस की सासूबाई, मुलाचा अभ्यास, पैशाची काळजी, आणि तुला कोणी विचारलंय का सात महिन्यांत की तू कशी आहेस?

अजून एक प्रयोग सांगते, मला तो वाचून वाईट वाटलं होतं. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात फळमाश्यांवर केलेला. नर माशीला मादीने वारंवार झिडकारलं की त्याच्या मेंदूत एनपीवायचंच भावंड असलेलं रसायन कमी पडायचं आणि तो दारू मिसळलेलं खाणं जास्त घ्यायचा. एवढीशी माशी. आतला धीर कमी पडला की जीव बाहेर कुठेतरी तो शोधायला जातो. तुला चिवड्यात मिळतो.

वजन का वाढतंय त्याचंही उत्तर यात आहे. दिवसभर कमी खाऊनही सात किलो कसे, असं तू विचारतेस. एक तर रात्रीच्या त्या अर्ध्या तासात तेल, शेंगदाणे, गूळ, भाकरी मिळून एका जेवणाहून जास्त जातं. आणि दुसरं म्हणजे ताणात असताना तेच खाणं अंगाला जास्त लागतं. २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या लोकांनी उंदरांना रोज थंड पाण्यात उभं केलं किंवा भांडखोर उंदराजवळ ठेवलं, आणि सोबत तेलकट-गोड खाणं दिलं, तर नुसतं तेलकट-गोड खाणाऱ्यांपेक्षा यांच्या पोटावर जास्त चरबी चढली, कारण ताणामुळे नसांमधून चरबीतच एनपीवाय सुटत होतं. २०१९ मध्ये सिडनीच्या गार्व्हन इन्स्टिट्यूटने दाखवलं की ताण आणि जड खाणं असं एकत्र आलं की अमिग्डालामधलं एनपीवाय वाढतं आणि उंदीर जास्त खातात, जास्त फुगतात. हे सगळं उंदरांवरचं आहे, माणसात जसंच्या तसं असेल असं मी म्हणणार नाही, पण तुझी गोष्ट या वाटेने गेलेली आहे हे मला दिसतंय.

पावडरीचं दोन वाक्यात, घेऊ नकोस. एनपीवायची एक कडी अडवणारं खरंखुरं औषध मोठ्या कंपनीने बनवून दीड हजाराहून जास्त लोकांवर वर्षभर तपासलं होतं, २००६ मध्ये निकाल आला, वजनात फरक इतका थोडा की ते पुढे गेलंच नाही, आणि आजही एनपीवाय बंद करून वजन उतरवणारं एकही मान्यताप्राप्त औषध बाजारात नाही, तर रीलमधल्या डब्यात काय असणार आहे. शिवाय मुळातून एनपीवायच नसलेले उंदीर १९९६ मध्ये तयार केले होते, ते जेवत होते नेहमीसारखंच, पण त्यांना फिट्स येण्याचा धोका वाढला होता. शरीराने भुकेला एकच दार ठेवलेलं नाही. तेच २४०० रुपये आपण दुसरीकडे लावू.

आता काय करायचं. रात्रीशी भांडू नकोस, रात्र आपोआप हलकी होईल, तू सकाळ धर. सात वाजता चहाच्या आधी काहीतरी खरं पोटात गेलं पाहिजे, दोन अंडी उकडून किंवा मुगाचं धिरडं, वेळच नसेल तर रात्रीची भाकरी आणि दही चालेल, बिस्किट नाही. पर्समध्ये फुटाणे-शेंगदाणे, अकराच्या चहाबरोबर मूठभर. डब्यात चपात्या कमी करू नकोस, वर मटकीची नाहीतर चवळीची उसळ घाल, पवननगरच्या बाजारात मोड आलेली मिळते, नाश्त्याला मिसळ करतेसच तर मटकी कशी टिकते ते मी तुला काय सांगणार. आणि डबा संपवायचा, महिनाअखेर असली तरी, व्हाउचर वीस मिनिटं थांबतात. साडेपाचला सुटलीस की बसमध्ये चढायच्या आधी एक फळ, आता पेरू येतीलच. आणि रात्रीचं जेवण उद्यापासून चालू, घरच्यांबरोबर, ताटात, भाकरी भाजी आमटी सगळं. तुला भीती वाटेल की वजन अजून वाढेल. पहिला आठवडाभर रात्रीचा चिवडाही चालूच राहील कदाचित, घाबरू नकोस, मेंदूला विश्वास बसायला वेळ लागतो की आता रोज मिळणार आहे. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना साधारण दोन-तीन आठवड्यांत फरक कळतो, हात डब्याकडे जातो पण वाटीभरावर थांबतो.

आणि रात्री खायचं असेल तर खा, फक्त लाइट लाव, वाटीत घे, खुर्चीवर बस. कॅलिफोर्नियातच २०१५ मध्ये असं दिसलं होतं की उपाशी उंदराला नुसतं अन्न समोर दिसलं, वास आला, की त्या भुकेच्या पेशी पहिला घास जायच्या आधीच शांत व्हायला लागतात. त्यावरून लाइट लावला की तू कमी खाशील असं काही सिद्ध होत नाही, मी वेगळ्या कारणासाठी सांगते, अंधारात खाल्लेलं चोरीचं वाटतं आणि चोरीचं वाटलं की दुसऱ्या दिवशी तू परत उपाशी राहून शिक्षा घेतेस, आणि तिथून सगळं परत सुरू. तो फेरा तोडायचाय मला.

झोपेचं बघ. साडेबाराला आडवी होतेस, सव्वापाचला उठतेस, पाच तासही नाहीत. २००४ मध्ये शिकागोत १२ तरुणांना फक्त दोन रात्री चार-चार तास झोपवलं तर दहा तास झोप दिलेल्या वेळेच्या तुलनेत त्यांचं लेप्टिन १८ टक्के कमी आणि घ्रेलिन २८ टक्के जास्त भरलं, भूक २४ टक्के वाढली. दोन रात्रीत. तुझे सात महिने झाले. म्हणून साडेअकराचं औषध आणि कूस बदलणं हे काम तुझ्याकडून काढून घ्यायला हवं, तू दहाला झोपायला हवंस. कोणी करायचं ते, तर पुढचा परिच्छेद मिस्टरांना वाचायला दे, मोबाइल त्यांच्या हातात दे आणि तू बाहेर जा.

भाऊ, तुम्हाला मी ओळखत नाही आणि काम सुटल्यावर माणूस किती आतून खचतो ते मला माहीत आहे, तुम्ही चिडून बोललात, मनात वाईट नव्हतं असं मी धरून चालते. पण तो शब्द तिला लागलाय. ती रात्री जे करते ते चोरी नाही, ती दिवसभर उपाशी आहे आणि तुमच्या आईचं सगळं करून मग तिथे जाते. आईंचं रात्रीचं औषध आणि कूस बदलणं तुम्ही घ्या, कसं करायचं ते ती एकदा दाखवेल, दोन दिवसात जमतं. आणि पुढच्या वेळी ती किचनमध्ये दिसली तर लाइट लावा, दोघांसाठी दोन वाट्या काढा आणि तिच्यासमोर बसा. बोलायचं सुचलं नाही तरी बसा.

तुला अजून एक, हे टाळू नकोस. २४०० रुपयांतून टीएसएच म्हणजे थायरॉइडची, एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, हिमोग्लोबिन आणि बी ट्वेल्व्ह एवढं करून घे, सकाळी उपाशीपोटी गेलीस तर साखरही कळेल, आणि रिपोर्ट घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा. थायरॉइड नाहीतर साखर निघाली तर नुसत्या माझ्या सल्ल्याने भागणार नाही. आणि रोज खाऊन झाल्यावर मुद्दाम उलटी काढावीशी वाटत असेल, किंवा सगळं संपवावं असे विचार येत असतील, तू लिहिलं नाहीस पण मी विचारते, तर १४४१६ ला फोन कर, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, तिथे जाण्यात कमीपणा काहीच नाही, सात महिने एकटीने ओढल्यावर तर नाहीच नाही.

राहिले श्रावणी सोमवार. तुझी श्रद्धा आहे, ती मी काढून घेणार नाही, माझ्या घरीही सोमवार असतो. पण निरंकार नको, यंदा तरी नको. निरंकार सोमवार म्हणजे सोमवारी रात्री आणि मंगळवारी त्या पेशींना परत मोकळं रान, जिभेवर ताबा येणार नाही, उलटं होईल. सकाळी दहाच्या आत भगर आणि दाण्याची आमटी, दुपारी दही आणि रताळं, संध्याकाळी सोमवार सोडून नीट जेवण. साबुदाणा एकटाच नको, तो लवकर जिरतो. तिसऱ्या सोमवारच्या फेरीला मात्र जा, नक्की जा, रविवारी रात्री निघतात तसं मैत्रिणींबरोबर निघ, त्या रात्री सासूबाईंकडे मिस्टर बघतील, ब्रह्मगिरीच्या पावसात भिजत चाललीस की एक रात्र तरी तू कोणाची सून, कोणाची अकाउंटंट नसशील. निघायच्या आधी पोटभर जेव, पिशवीत उकडलेली रताळी आणि चार दाण्याचे लाडू ठेव, दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाक, आणि पायात चांगली पकड असलेले बूट घाल, चिखलात चपला राहत नाहीत.